पुढे पुढे चालणाऱ्या रोवणीच्या बाया

पुण्याच्या आर्ट कॉलेजला निघाले, पवनीच्या बस स्टँडवर नागपूरची बस लागली तेव्हा माझ्या एका खांद्यावर बॅग होती आणि दुसऱ्या खांद्यावर तीन फुटी पीव्हीसीचा पाइप. शेतात बोअर मारली त्यातला उरलेला तुकडा. बाबांनी त्याला दोन्हीकडून झाकणं बसवली, सुतळीचा पट्टा लावला आणि आत माझी चित्रं गुंडाळून भरली. वरून निळ्या ऑइलपेंटनं माझं नाव, गाव कोंढा, तालुका, जिल्हा, सगळं ठसठशीत लिहून काढलं. बाबा बोर्ड रंगवणारे पेंटर. फ्लेक्स आले आणि त्यांच्या हाताला काम उरलं नाही, म्हणून जिथं मोकळी जागा दिसेल तिथं ते अक्षरं काढतात.

"नळ बसवायले चालली का वं पुण्याले?" कंडक्टरनं विचारलं आणि अर्धा स्टँड हसला. आई नाही हसली. ती रोवणी अर्धी टाकून आली होती. पायाला चिखल वाळलेला, साडीवर बाबांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट. आमच्याकडे धान रोवताना सगळ्याच बाया नवऱ्याचा नाही तर पोराचा शर्ट घालतात, ऊन आणि पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, खाज दोन्ही लागत नाही. बस हलली तशी ती खिडकीशी येऊन म्हणाली, "पाय पाहून टाकजो." शेताच्या धुऱ्यावरून, अरुंद बांधावरून चालताना ती लहानपणापासून हेच म्हणायची. पुण्यात कुठले आलेत धुरे? मला त्या वाक्याचा राग आला होता आणि त्या शर्टाची लाज वाटली होती. आज कबूल करते, कारण आता लपवून ठेवण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही राहिलं नाही.

हे लिहायला बसले ते तुमच्यामुळे. अड्याळ, पवनी, लाखांदूर, कुठकुठल्या पोरापोरींचे मेसेज येतात. "ताई, इलस्ट्रेशनले ॲडमिशन घेतली, पोर्टफोलिओत काय टाकू?" "ताई, इंडस्ट्रीत शिरायचं कसं?" इंडस्ट्री! जणू भंडाऱ्याचा मोठा बाजार आहे, गेटातून आत शिरलं की झालं. तुम्हाला उत्तर द्यायचं म्हणजे मला माझी फजिती सांगावी लागते. तर घ्या.

चार वर्षांचं कॉलेज. पहिली तीन वर्षं चित्रं काढायला शिकवतात आणि चौथ्या वर्षी तीच चित्रं काढल्याबद्दल बोलायला शिकवतात. चित्रापेक्षा बोलणं महत्त्वाचं, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या वर्गात कोणी चित्र काढायचंच नाही, सगळ्यांची 'प्रॅक्टिस' असायची. डॉक्टरांची असते तशी. एकीनं आपली मांजर एकोणीस वेळा काढली आणि त्याला 'एकटेपणाचा शोध' म्हटलं. तिच्या घरी आई, बाप, आजी, आजोबा आणि दोन मोलकरणी होत्या, मांजरीला एकटं बसायला जागा कुठे होती कोण जाणे. एक जण सगळ्या माणसांना चेहऱ्याच्या जागी भोक काढायचा. भोक का, विचारलं की म्हणायचा, "ते मी प्रेक्षकावर सोडलंय." चेहरे काढता येत नाहीत म्हण की लेका सरळ! या लोकांच्या आयुष्यात काही झालेलं नव्हतं आणि सगळे स्वतःला स्टोरीटेलर म्हणवत होते.

पाइपाचंही ऐका. पहिल्या वर्षी त्याच्यावरून मला प्लंबर म्हणायचे. चौथ्या वर्षी तोच पाइप पाहून एक पाहुण्या बाई "कित्ती ऑथेंटिक!" म्हणत फोटो काढत बसल्या. पाइप तोच होता, मीही तीच होते. फक्त मधल्या काळात गावाला भाव आला होता.

शेवटच्या सत्रात आम्हाला एकेक मेंटॉर दिला गेला. माझ्या वाट्याला आलेल्या मॅडम मुलांच्या पुस्तकांच्या एका स्टुडिओत मोठ्या पदावर होत्या. हातमागाची साडी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि मराठी अशी की प्रत्येक वाक्याच्या टोकाला इंग्रजी चिकटलेलं. त्यांच्या स्टुडिओत त्या वर्षी एकच जागा होती. ती मला हवीच होती. माझ्या घरी ठरलेलं होतं, कॉलेज संपेपर्यंत नोकरी नाही तर परत यायचं. परत येणं म्हणजे डी.एड.चा फॉर्म आणि मामानं पाहून ठेवलेला पवनीचा मुलगा. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या घराच्या भिंती मी रिकाम्या पाहिल्या होत्या आणि त्या जन्मभर तशाच राहणार हे मला दिसत होतं.

मी मॅडमसमोर माझा पोर्टफोलिओ ठेवला. त्यात आमचं गाव होतं, जसं आहे तसं. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरी, कोणाच्या पायात बूट, कोणाच्या पायात भावाचे सँडल. एकाच फ्लेक्सवर गॉगल लावून दाटीवाटीनं उभे असलेले बर्थडे बॉय. विहाराच्या ओट्यावर अभ्यास करणारी पोरं. धान कापायला आलेलं हार्वेस्टर आणि त्याच्यामागं पळणारे बगळे. आणि शर्ट घातलेल्या, कमरेत वाकलेल्या, पाठमोऱ्या रोवणीच्या बाया.

मॅडमनी सगळं नीट चाळलं. मग म्हणाल्या, "टेक्निक छान आहे. पण यात तुझं गाव कुठंय? मातीचा वास नाही येत गं."

मातीचा वास! मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शेणखत वाहिलेली पोरगी, पावसाळ्यात शाळा बुडवून रोवणी केलेली, आणि मातीचा वास कशाला म्हणतात हे मला कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर शिकवलं जात होतं. उठून यायला हवं होतं. नाही आले. वहीत लिहून घेतलं, 'मातीचा वास'. खाली रेघही मारली.

पुढचे दोन महिने मी मातीचा वास काढला. कुडाची झोपडी काढली, जिच्यात मी एक रात्रही झोपलेली नाही, आमचं घर स्लॅबचं आहे. पितळेची भांडी काढली, आमच्याकडे स्टीलची आहेत. चुलीजवळ मोठ्या डोळ्यांची म्हातारी काढली, गॅस पुसून टाकला. प्रत्येक खोट्या गोष्टीला मॅडम "ब्यूटिफुल" म्हणायच्या, आणि मी दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी खोटी गोष्ट घेऊन जायचे. तुम्ही म्हणाल, ताई, तुम्ही मांजरवालीला हसता कोणत्या तोंडानं? बरोबर म्हणता. तिनं निदान स्वतःची मांजर तरी काढली.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो रोवणीच्या चित्रानं. मॅडम म्हणाल्या, शर्ट काढ, खटकतो, नऊवारी दे. दिली. म्हणाल्या, पाठमोऱ्या बायका निगेटिव्ह वाटतात, चेहरे आपल्याकडे येऊ देत. केले. म्हणाल्या, मूव्हमेंट हवी, पुढं येतायत असं वाटू दे, होप दिसायला हवी. मी त्या बायांना ताठ उभं केलं, पाय पुढे उचलायला लावला, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या दिल्या आणि ओठावर हसू दिलं. समोर हिरवंगार रोवलेलं धान, मागे चिखल, त्याच्यावर पिवळा उजेड. फायनलला बाहेरून आलेले परीक्षक त्या चित्रापुढे पाच मिनिटं उभे राहिले. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. जागा मला मिळाली.

बाबांना फोन करून सांगितलं. आईनं फोन घेऊन विचारलं, "लागली? पक्की?" मी म्हटलं, पक्की. "मंग जेव आता नीट," ती म्हणाली आणि तिकडे रडायला लागली.

वर्षभरात स्टुडिओनं माझ्या त्याच चित्रांवर पुस्तक काढलं. भात कुठून येतो, असं शहरातल्या मुलांना सांगणारं. मुखपृष्ठावर माझ्या रोवणीच्या बाया. आत पहिल्या पानावर माझं नाव. जुलैत मी दोन प्रती घेऊन घरी गेले. आई शेतात आहे म्हटल्यावर घरी थांबवेना, तशीच धुऱ्याधुऱ्यानं शेतात गेले. दुपारची सुट्टी झालेली, पंधरा-सोळा बाया आंब्याखाली डबे उघडून बसलेल्या. सगळ्यांच्या अंगात शर्ट.

"आली वं पुण्याची चित्रवाली!" कोणीतरी ओरडलं. आईनं हात साडीला पुसले, मग पुन्हा शर्टाला पुसले, आणि पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. आधी माझं नाव शोधून त्याच्यावरून बोट फिरवलं. मग मुखपृष्ठ पाहत राहिली. बाकीच्या तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"ह्या कोण्या गावच्या वं बाया?" आईनं विचारलं.

"आपल्याच," मी म्हटलं. "रोवणीच्या."

"आपल्या कायच्या? ह्या त रोवलेलं खुंदून राहिल्या."

मी चित्राकडे पाहिलं. वर्षभरात ते मी हजार वेळा पाहिलं होतं, परीक्षकांनी, संपादकांनी, छापणाऱ्यांनी पाहिलं होतं. रोवणी करणारी बाई मागं मागं सरकते. समोर रोवत जायचं आणि पाय मागच्या चिखलात टाकायचा. हे शिकावं लागत नाही, एक ओळ रोवली की पायाला कळतं. माझ्या बाया हसत हसत, होप घेऊन, आपल्याच हातानं रोवलेल्या धानावर पाय द्यायला निघाल्या होत्या.

बायांना हसू आवरेना. "इत्कं नटूनथटून चिखलात कोन उतरते वं?" "आपल्या बांधीत येऊ बी नसतं देलं यायले!" एकीनं उठून हातात डब्याचं झाकण धरून माझ्या चित्रासारखी चाल करून दाखवली, ताठ, मान वर. सगळ्या लोळायच्या बाकी राहिल्या. मीही हसले, दात विचकून.

आई हसत नव्हती. बाया कामाला लागल्यावर तिनं हळूच विचारलं, "तू त माया बाजूनं रोवली आहेस ना वं? चार वर्स रोवली. तुले मालूम नव्हतं का?"

माहीत नव्हतं म्हणावं तर खोटं. माहीत होतं म्हणावं तर त्याहून वाईट. मी म्हटलं, "मॅडमनं सांगितलं तसं काढलं." आई म्हणाली, "हौ का," आणि पुस्तक पदराआड धरून डब्याच्या पिशवीत ठेवलं, तोंड खाली करून, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही असं.

पुण्यात येऊन मी मॅडमना चूक सांगितली. दुसऱ्या आवृत्तीत बदलू या म्हटलं. त्या मनापासून हसल्या. "अगं, मुलांना काय कळतंय? आणि इतकं लिटरल कोण बघतं?" मी पाठमोऱ्या, शर्टवाल्या बाया पुन्हा काढून दिल्या, तर म्हणाल्या, ह्यात लहान मुलांनी बघायचं काय, बायकांच्या पाठी? दुसरी आवृत्ती तशीच निघाली. बक्षीसही मिळालं तिला. समारंभात मांजरवाली भेटली, तीही आता 'ग्रामीण' काढते. मी स्टेजवर गेले, हार घालून घेतला, फोटोत हसले. मला माझा किती तिटकारा आला सांगू! आणि तरी ती फ्रेम मी भिंतीला लावली आहे, हेही ऐकून ठेवा.

दसऱ्याला सुट्टी काढून घरी गेले. धान कमरेएवढं झालेलं, लोंब्या भरत आलेल्या. घरात शिरले तर पुस्तक टीव्हीच्या बाजूला उभं करून ठेवलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. मला वाटलं, यांनी मनावर नाही घेतलं, बरं झालं. जवळ गेले तर ऑइलपेंटचा वास आला.

मुखपृष्ठावर बायांच्या पुढचं सगळं हिरवं गेलेलं होतं. तिथे चिखल होता. एकेक रोप बारीक ब्रशनं झाकत, बायांच्या पायांच्या कडा न बिघडवता, बाबांनी तपकिरी रंग भरला होता. पाण्याची चकाकीसुद्धा काढली होती दोन ठिकाणी. पुस्तक उघडलं तर पानं चिकटली होती रंगानं.

"तुयी आई मांगं लागली," बाबा म्हणाले. "हिरवा बुजवा म्हणे, लोकं हासतेत पोरीले. तीन दिवस लागले मले."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिथूनच म्हणाली, "आता पाय चिखलातच पडून राहिला ना? मंग झालं."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. आजवर माझ्या त्या चित्रावर जेवढे लोक बोलले, त्यातल्या एकानंही बायांच्या पायांकडे पाहिलं नव्हतं. आईनं एका नजरेत पाहिलं, आणि मग माझी चूक गावाला दिसू नये म्हणून नवऱ्याला तीन दिवस बसवलं.

तर पोरांनो, पोर्टफोलिओत काय टाकायचं ते मला विचारू नका. मी विचारण्यासारखी बाई नाही. मी अजून त्याच स्टुडिओत आहे, अजून नऊवारी काढते, लोकांना आवडते. तुम्हाला जे काढायचं ते काढा, पण मॅडमच्या आधी एकदा आईला दाखवा. माझ्यासाठी गाव आता तेवढंच उरलं आहे. तिथे एक बाई आहे, ती चित्र हातात घेतल्यावर आधी पाय कुठे पडतोय ते पाहते. ती आहे तोवर मला घर आहे.

शर्टवाल्या बायांचं चित्र मी बाबांच्या पाइपात ठेवलं आहे. या जुलैत घेऊन जाणार आहे. आंब्याखाली, सगळ्या बायांपुढे उघडायचं ठरवलंय.