अक्काला वाढणारा आचारी

मी लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आले तेव्हा घरात खानावळ चालू होती. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, तिथं सगळं बोलणं कानडी. सासरी दोन्ही भाषा चालत. चुलीपाशी कानडी, ओसरीवर मराठी. घरात सासरे, माझे यजमान आणि माझी थोरली जाऊ. जाऊबाईंना आख्खी पेठ अक्का म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. माझे थोरले दीर माझ्या लग्नाच्या आधीच तापानं गेले होते. अक्काला मूलबाळ नव्हतं.

सासऱ्यांचं पूर्वी धान्याचं दुकान होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकान बसलं. यजमान मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात होते, पण त्यांच्या एकट्याच्या पगारात घर भागेना. तेव्हा अक्कानं खेड्यांतून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या मिलकामगारांना जेवायला घालायला सुरुवात केली. मी आले त्या वेळी सकाळच्या पाळीची माणसं उठून गेली की दुसऱ्या पाळीची येत. अक्का काठवटीपुढे बसली की तिच्या हाताखालून भाकरी नुसती फिरत फिरत मोठी होत जायची, कागदासारखी पातळ. शेंगांची चटणी मी उखळात कुटायची, आमटी तिची. भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं येसर घातलेली तिची आमटी खाऊन मिलमधला एखादा म्हातारा जॉबर, म्हणजे मुकादम, भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा.

आम्ही दोघी सगळ्यांच्या शेवटी जेवायचो. अक्का तर बहुतेक उभ्यानंच. भाकरीवर चटणी घेऊन, एक हात चुलीतली लाकडं मागे ओढण्यात. मला मात्र पाटावर बसवायची. "तंगी, तू बस," म्हणायची. तंगी म्हणजे धाकटी बहीण. तिला बसून जेवलेली मी सणावारीसुद्धा क्वचित पाहिली.

जेवायला येणाऱ्यांत एक आचारी होते. स्टेशनाकडच्या रस्त्यावर एका लिंगायत मालकाचं हॉटेल होतं, तिथं ते भजी, शिरा, उप्पीट करायचे. विजापूरकडचे, चाळिशीला आलेले, बायको वारलेली. सगळ्या गावाला खाऊ घालणारा माणूस आमच्याकडे का जेवायला येतो, याचं मला नवल वाटायचं. यजमानांनी एकदा विचारलं तर हसून म्हणाले, "दिवसभर तळणाचा वास घेतला की तितला घास घशाखाली उतरत न्हाय. भाकरी लागते."

इतर माणसं येत, जेवत, हात धुऊन जात. हे आचारी ताट उचलून मोरीपाशी ठेवायचे आणि आत चुलीकडे न बघता विचारायचे, "ऊटा आयतेनु?" जेवण झालं का, असं. आमच्याकडे येता-जाता कुणीही कुणालाही विचारतं ते. पण इतक्या माणसांत अक्काला ते विचारणारे ते एकटेच. ती आतून म्हणायची, "होईल की." रोज तेवढंच बोलणं. ते तिला अक्का, म्हणजे थोरली बहीण, असं मात्र कधी म्हणाले नाहीत. कुठल्याच नावानं हाक मारायचे नाहीत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एकदा जेवता जेवता ते यजमानांना म्हणाले, "ह्या बायांना एक दिवस आमच्याकडं घिऊन या. यांच्या हातचं लई खाल्लं. एकदा आमच्या हातचं खाऊ दे यांना."

यजमान हौशी होते. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. सणाला कामगार आपापल्या गावी गेलेले असत आणि खानावळीला एखाददुसरा दिवस विसावा मिळे. त्या वर्षी अशाच एका दिवशी यजमानांनी टांगा आणला. सासऱ्यांना सांगितलं, गड्ड्यातून फिरवून आणतो. ते खोटं नव्हतं, पाळणे बघून मगच आम्ही हॉटेलात गेलो.

मी तोवर हॉटेलची पायरी चढले नव्हते आणि अक्काही. संगमरवराची फळी असलेली टेबलं, मागे लाकडी आडोसा आणि त्याला हिरवा पडदा. पडद्यामागे बायकांची जागा. अक्का खुर्चीवर बसली ती पाय वर घेऊन, मग माझ्याकडे बघून खाली सोडले. कपाळावरची विभूती पदरानं पुसली जाईल म्हणून पदर सारखा मागे सारत होती. एरवी वाढायला पोरं असत, पण त्या दिवशी आचारी स्वतः आत आले. खांद्यावर पंचा, हातात शिऱ्याच्या बशा. तूप बशीच्या कडेला सुटलेलं.

अक्कानं पहिला घास घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. मग विचारलं, "रवा तुपातच भाजलाय व्हय?"

"आदी कोरडाच. मंद जाळावर. मग तूप."

"दूध?"

"न्हाय. पाणीच. पण उकळतं."

"मी गार घालते, म्हणून गोळे होतात की," ती म्हणाली.

ते म्हणाले, "तुमच्या हातचे गोळेबी चालतील." आणि लगेच भजी आणायला गेले. यजमान पडद्याकडे तोंड करून हसले. अक्का हसली नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

भजी झाली, चहा झाला. बशीत ओतून पिताना तिनं दोनदा फुंकर मारली. मग सवयीनं उठली आणि बशा एकात एक घालून गोळा करू लागली. आचारी पडद्यापाशीच होते. ते म्हणाले, "राहू द्या. हितं तुमी उठायचं न्हाय."

अक्का तशीच उभी राहिली, हातात बशा. त्यांनी पुढे होऊन तिच्या हातातून त्या घेतल्या. ती परत खुर्चीवर बसली आणि परत निघेपर्यंत काही बोलली नाही. टांग्यात मला वाटलं, तिला कमीपणा वाटला असेल. घरी येऊन दिवा लावताना ती आपणच म्हणाली, "तंगी, बसून खाल्लं की चव निराळीच लागती."

फाल्गुनात एका दुपारी आचारी जेवायच्या वेळेला न येता नंतर आले. धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल. ओसरीवर सासऱ्यांपुढे बसले. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, त्यात चोरून बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी सरळच विचारलं. म्हणाले, विजापूरकडं स्वतःचं लहानसं हॉटेल काढायचा विचार आहे. एकट्यानं ते होणार नाही. आणि झालं तरी एकट्यानं करायची इच्छा नाही.

सासऱ्यांनी रागवायचं काही कारण नव्हतं, ते रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "विचार करून सांगतो."

आत मी आणि अक्का ज्वारी पाखडत होतो. सगळं ऐकू येत होतं. तिचं सूप थांबलं नाही. पण त्याच आठवड्यात तिनं ट्रंकेतलं हिरवं इरकली लुगडं काढलं, कधी नेसलेलं मी पाहिलं नव्हतं. दोरीवर ऊन दाखवलं, कडुनिंबाचा पाला घालून परत घडी केली. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आचारी पूर्वीसारखे जेवायला येत राहिले. त्यांनी उत्तराची घाई केली नाही आणि सासऱ्यांनी विषय काढला नाही. यजमानांनी एकदा बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा सासरे म्हणाले, "उन्हाळा जाऊ दे."

पण तीस सालचा तो उन्हाळा साधा गेला नाही. गावात गोळीबार झाला आणि पाठोपाठ लष्करी कायदा आला. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मी चुलीपाशी बसून जेवढं कळलं तेवढंच सांगते. गिरण्या बंद पडल्या. कामगार रातोरात आपापल्या खेड्यांकडे पळाले. रस्त्यावर गोरे शिपाई. आमची खानावळ एका दिवसात रिकामी झाली, आणि यजमानही घरी बसले. मोठ्या काठवटीत मूठभर पीठ घेऊन अक्का भाकऱ्या करायची, तेव्हा ती काठवट फार मोठी वाटायची. तिनं डाळी, कडधान्यं मडक्यांतून साठवून ठेवली होती, त्यावर आम्ही ते दिवस काढले. सासरे ओसरीवर बसून नुसते कान देऊन असत. कोण आलं, कोण गेलं. आता मला वाटतं, त्यांनी ठरवलं ते तेव्हाच. रिकाम्या ओसरीनं त्यांना भिववलं होतं.

जरा येणंजाणं सुरू झालं तशी एका सकाळी आचारी आले. हातात वळकटी होती. हॉटेल बंद झालं, मालक गाव सोडून गेला, मीही घरी निघालो, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "तेवढं उत्तर घिऊन जावं म्हणून आलो."

सासऱ्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाले, "तुमी चांगले हाय. तुमच्यात काय खोट न्हाय. पर तुमच्याकडं हात हायत, तुमी कुटंबी पोट भराल. मला दिसत न्हाय. धाकट्याची गिरणी कवा चालू हुईल देवाला ठावं. ह्या घरात चालणारे हात तिचेच हायत. ते मी कसे देऊ?"

यजमान म्हणाले, "बाबा, निदान वैनीला विचारा."

"तिला काय विचारायचं?" सासरे म्हणाले. "ती न्हाय म्हणाली तर तिला दुःख, व्हय म्हणाली तर मला."

आचाऱ्यांनी वाद घातला नाही. उठले, सासऱ्यांच्या पायाला हात लावला. आम्ही आत तुरीच्या डाळीतले खडे वेचत होतो. अक्काची बोटं ताटात फिरत होती. दाराची कडी वाजली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "गेले का?"

"गेले," मी म्हणाले.

"उपाशी गेले की काय?"

ती उठली. सकाळच्या भाकऱ्या टोपलीत होत्या. त्यातल्या चार घेतल्या, चटणीचा गोळा मध्ये ठेवला, फडक्यात बांधलं आणि थेट दारातून बाहेर गेली. उंबऱ्याबाहेर ती एकटी अशी कधी जात नसे. मी मागून गेले तर ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. रस्ता पार स्टेशनापर्यंत मोकळा पडलेला, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. माणूस दिसत नव्हतं.

ती परत आली. फडकं सोडलं, त्याच भाकऱ्या ताटात घेतल्या, आणि सासऱ्यांपुढे नेऊन ठेवल्या. सासऱ्यांनी ताटावर हात फिरवला आणि म्हणाले, "आज लवकर वाढलंस." ती आत निघून गेली.

त्यानंतर ती त्यांना वेळेवर वाढायची, गरम वाढायची. पण आणखी काय हवं, हे पूर्वीसारखं विचारायची नाही. त्यांनाही ते कळत असावं. कालवण कमी पडलं तर कोरडी भाकरी चावत राहत, मागत नसत.

गिरण्या चालू झाल्या, माणसं परत आली, ओसरी भरली. अक्काच्या हाताखालच्या भाकऱ्या पूर्वीसारख्याच पातळ. जेवणारे म्हणायचे, खानावळ असावी तर अशी. यजमानांची बढती झाली, माझी मुलं झाली, घराला तिच्या हातांची तेवढी नड उरली नाही. शेवटच्या आजारपणात सासऱ्यांनी एकदा यजमानांना जवळ बोलावून सांगितलं, "तुज्या वैनीला एकदा हॉटेलात ने. तिला शिरा आवडतो म्हनं." त्यांना ते कोणी सांगितलं होतं, कोण जाणे. यजमानांनी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "आता बाहेरचं सोसत न्हाय मला." तिला सगळं सोसत होतं. आदल्याच दिवशी तिनं माझ्या थोरल्या मुलीबरोबर बसून शेजारणीकडची मिरचीची भजी खाल्ली होती.

पुढे काही वर्षांनी गड्ड्याला आलेला विजापूरकडचा एक व्यापारी आमच्याकडे जेवायला बसला. बोलता बोलता त्या आचाऱ्यांचं नाव निघालं. त्याच्याच गावचे. अक्का भाकरी वाढत होती. तिनं विचारलं, "हॉटेल काढलं का त्यांनी?"

"काढलं की. लई चालतंय. बायकोबी हाताखाली असती."

"बरं झालं," अक्का म्हणाली आणि त्याच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी घातली.

दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. तोपर्यंत मी तिला दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात बसून जेवायची सवय लावली होती. सासऱ्यांना आम्ही दोघी मामा म्हणायचो. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अक्का, मामांनी तेव्हा तुला विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

ती घास हातात घेऊन विचार करत राहिली. मला वाटलं, ती टाळेल. पण ती म्हणाली, "तेच मला ठावं न्हाय, तंगी. लई दिवस मी मनाशी म्हणायची, व्हय म्हणाले असते. मग म्हणायची, न्हाय, मामांना सोडून कुटं गेले असते. कुणी विचारलं असतं तर मलाबी कळलं असतं."

एवढं बोलून तिनं घास खाल्ला. माझा मात्र हात ताटात तसाच राहिला. आमच्या घरानं तिच्याकडून रोज भाकरी मागून घेतली, आणि तिचं मन काय म्हणतं ते तिला कधी कळूच दिलं नाही. तिला हे सांगावं, असं फार वाटलं. पण ओसरीवर दुसऱ्या पाळीची माणसं येऊन बसली होती आणि ती हात धुवायला उठली.