नदीआधी संपलेला नकाशा

माहेनूरच्या नाकावर राग असतो, हे वरुडात तिच्या लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक. वडील वाहेदभाई संत्र्याच्या बागांतल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करत. मोटर का बंद पडली हे मोटरीलाच विचारावं, मालकाला नाही, असं त्यांचं म्हणणं. लेक इंजिनिअर झाली, अमरावतीत एका खासगी सल्लागार कंपनीत लागली. वडिलांचं वाक्य ती एकदाच विसरली, पण तेवढंच पुरलं.

तिचं काम पाणलोटाचं मॉडेल करायचं. म्हणजे डोंगरापासून नाल्यापर्यंतच्या जमिनीची संगणकात नक्कल उभी करायची, तिच्यावर पाऊस सोडायचा आणि पाणी कुठवर चढतं ते बघायचं. ही नक्कल कुठेतरी संपवावीच लागते. जिथे संपते त्या कडेवर पाणी कसं वागेल हे संगणकाला कळत नाही, ते माणसानं भरावं लागतं; त्याला कडेवरची अट म्हणतात. मोर्शीकडच्या एका गावाच्या नाल्याचं काम आलं. सर्वे करणारे महाशय रस्ता संपला तिथूनच माघारी फिरले, कारण पुढे चिखल होता आणि बूट नवे होते. नाला नदीला मिळतो ती जागा आणखी दोनशे मीटरवर, ती कुणी मोजलीच नाही. माहेनूरनं कडेवर नुसता उतार भरला. पाणी आलं तसं सरळ निघून गेलं आणि नकाशात नाल्याकाठची बत्तीस घरं कोरडी राहिली. घरं कोरडी, मग भिंत कशाला? आराखड्यातून संरक्षक भिंत वगळली गेली.

नकाशा दाखवायला ती गावात गेली. समाजमंदिरात सगळे जमले होते. मागे बसलेल्या सत्तरीच्या इंदूबाई उठून पुढे आल्या आणि चष्मा सावरत निळ्या रंगाकडे बघत राहिल्या.

"बाई, हे पानी इथून कुठं जाऊन राह्यलं?"

"पुढं नदीत, मावशी."

"अन् नदीच भरेल असली त?"

माहेनूरनं नकाशाची कड पाहिली; तिथे नदी काढलेलीच नव्हती. इंदूबाईंनी तिचा हात धरला आणि तडक आपल्या घरी नेलं. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी त्या वस्तीत दरवर्षी भिंतींना नीळ घातलेला चुना देतात. इंदूबाईंच्या भिंतीवर मात्र छातीच्या उंचीला बोटभर रुंदीचा पट्टा मातीचाच होता आणि त्यात कोळशाची रेघ होती. मोठ्या पुराच्या वर्षी त्यांच्या नवऱ्यानं, बुधाजींनी, ती ओढली होती.

"सात घरी अशी रेघ हाय. चुना देतानी तिच्यावर कुंचा फिरवाचा नाई, असा आमचा नेम हाय. पोरासोराले समजलं पाहिजे पानी कुठवर आल्तं ते. नदीनं नाल्याले आत घेतलंच नाई, मंग ते मांगं फिरलं. आमी कोरडे हाओ असं तुले कोनं सांगतलं व?"

कोणी सांगितलं नव्हतं. तिनंच ठरवलं होतं, खुर्चीत बसून, चहा पीत. तिला असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि तो पहिला राग स्वतःचाच होता.

चार दिवस ती चिखलात उभी राहिली. सातही रेघांची उंची तिनं मोजली, नदीचा काठ मोजला. मग कडेवरचा उतार काढून तिथे भरलेली नदी लावली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. पाणी नाल्यात उलटं शिरलं, घरांत चढलं आणि बुधाजींच्या रेघेच्या चार बोटं खाली थांबलं. बत्तीसच्या बत्तीस घरं निळी.

तिचे साहेब, स्वप्निल सर, स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, "भिंतीवरच्या कोळशाला मोजमाप म्हणत नाहीत. रिपोर्ट गेलाय."

"सर, माणसं बुडतील."

"मग आधी का नाही सांगितलंस? कडेवरची अट तू भरलीस. रिपोर्टवर सही तुझी आहे. बदलायचं तर चूक कुणाची म्हणून लिहायचं?"

हा माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. पण तो खरं बोलत होता, आणि त्या खऱ्याचा त्यानं दगड करून तिच्याच पायावर टाकला होता. सर्वेवाल्यांनी नदी सोडली, त्यानं न तपासता रिपोर्ट पाठवला, आणि कागदावर उरली ती एकटी माहेनूर. तिचे कान तापले. "माझी म्हणून लिहायचं," ती म्हणाली, आणि पर्स उचलून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रिपोर्ट जिथे गेला होता त्या सरकारी कार्यालयात ती आवक खिडकीशी उभी होती. अर्ज तिनं हातानं लिहिला होता: खालच्या कडेची अट मी चुकीची भरली, नदीचा फुगवटा धरला नाही, चूक माझी आहे, भिंत वगळू नये. सोबत सात रेघांची मापं, फोटो आणि नवा नकाशा.

खिडकीतल्या माधवीताईंनी अर्ज दोनदा वाचला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, हे तुमी सोताच लिहून देऊन राह्यल्या. पुढं कोन काम देईन तुमाले?"

"ते माहं मी पाहीन. तुमी नंबर टाका."

"ठेवून जा. साहेब आले का दाखवतो."

"मी कुठंच जात नाई, ताई. शिक्का मारा अन् मले पोच द्या."

मागे रांग कुरकुरू लागली. माहेनूर हलली नाही. शेवटी शिक्का पडला, आवक क्रमांक पडला, तारीख पडली. जिना उतरतानाच तिनं इंदूबाईंना फोन लावला.

"भिंत होईन का, पोरी?"

"नाई माहीत, मावशी." तिचा राग अजून उतरला नव्हता. "पन तुमी कोरडे हा, असं आता माह्या नावावर कोनी म्हनू शकत नाई."