पुणतांब्याचं गुणाचं बाळ

नगरहून पॅसेंजर सुटली तेव्हा माझ्या मांडीवर बर्फाने भरलेला थर्मास होता आणि समोरच्या काकांना त्यात कुल्फी असल्याची पक्की खात्री होती. "कुटं विकता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "विकत नाही हो, यात तान्ह्या मुलांची लाळ ठेवायचीय." काका राहुरीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

लाळेचा हा उद्योग माझा नव्हे, माझी मैत्रीण नलूचा. ती मनाच्या आजारांची डॉक्टर. बाळंतपणानंतर काही बायका उदासीने पार खचतात. त्यांच्यावर उपचार केले तर मुलाच्या शरीरातला ताणही उतरतो का, मूल नीट वाढतं का, हे ती तेव्हा, नव्वदच्या दशकात, तपासत होती. तो ताण म्हणे लाळेत सापडतो. मला फुकट हिंडायला मिळत होतं, म्हणून मी तिच्याबरोबर निघाले.

पुणतांब्याला उतरलो तर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. पेरूच्या बागांमधून गोदावरीकडे जाताना मी चपलेचा अंगठा तोडून घेतला आणि पाय ओढत नलूच्या यादीतल्या हिराबाईंच्या दारात पोचले. बौद्ध कुटुंब, नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. अंगणात कडुलिंबाखाली जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ अंथरलेली आणि तिच्यावर तीन तान्ही मुलं ओळीने निजवलेली. कडेची दोन लालबुंद होऊन टाहो फोडत होती. मधलं मात्र उघड्या डोळ्यांनी वर बघत पडलं होतं. त्याच्या गालावर माशी बसली, चालली, उडाली. त्याने मान हलवली नाही.

"ह्यो आमचा सिद्धू," हिराबाई कौतुकाने म्हणाल्या. "शेजारनी आपली बारकी पोरं मुद्दाम आनून निजवत्यात, ह्याचा गुन लागंल म्हनून. सात म्हैन्यांचा झाला, पन रडन्याचं नाव न्हाई. कुनाकडं बी जातोय."

मी त्याला उचललं. माझा चष्मा आणि चेहरा बघून सख्खी भाचरं धूम ठोकतात, पण हा निमूट आला. अंग मात्र ताठ. नजर भिंतीवरून फिरावी तशी माझ्या तोंडावरून गेली. मला त्या पोराची भीती वाटली, खरंच सांगते.

त्याची आई, हिराबाईंची सून उज्ज्वला, घरात भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात तांदळाचं सूप, हात सुपात, पण बोटं थांबलेली.

"आमच्यात देवरुशी-अंगारा चालत न्हाई," हिराबाई म्हणाल्या. "टॉनिक दिलं. समदं काम करती, पन पोराला जीव लावत न्हाई. माझ्या बेलापूरच्या लेकीला मूल न्हाई, तिच्या वटीत घालनार हाय. आयला ओढ न्हाई, पोराला वळख न्हाई. कुनाचं काय जातंय?"

"न्यावं त्यांनी," उज्ज्वला आतूनच म्हणाली. नलू तिच्याजवळ जमिनीवर बसली, काय होतंय ते विचारलं. उज्ज्वलाने सिद्धूकडे बोट केलं, "ते बगतंय ना, तसंच मला हुतंय. काईच हुत न्हाई."

नलूने सिद्धूच्या गालात कापसाचा बोळा धरला. एरवी पोरं थुंकतात, बोटाला चावतात. याने तोही तसाच राहू दिला. अंगणाच्या टोकाशी आल्यावर नलू हळूच म्हणाली, "शांत नाही गं ते. आतून सारखं दचकलेलं असणार. हाकेला ओ मिळत नाही म्हटल्यावर त्याने हाक मारणंच सोडलंय."

मग ती हिराबाईंसमोर ठाण मांडून बसली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पेरू संपेपर्यंत हुज्जत चालली. अखेर ठरलं: अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतील अशा गोळ्या उज्ज्वलाने घ्यायच्या, दवाखान्यातली नर्स दर आठवड्याला येऊन तिच्याशी बोलेल, सिद्धूला तेल तिनेच लावायचं. "संक्रांतीपर्यंत थांबते," हिराबाई म्हणाल्या. "मंग लेकीला बोलावनार."

संक्रांत उलटल्यावर आम्ही पुन्हा गेलो, तर लेक आलेलीच होती. शोभा, चाळिशीकडे झुकलेली, नवं लुगडं, बाजूला टोपड्या-दुपट्यांनी भरलेली पिशवी. वाकळीवर शेजारची दोन पोरं नेहमीसारखी कोकलत होती. उज्ज्वला चुलीपुढे भाकरी थापत होती.

शोभाने सिद्धूला उचललं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग परत तिच्याकडे. खालचा ओठ बाहेर आला. आणि पोराने जो भोंगा पसरला! शेजारची दोन्ही पोरं दचकून गप्प झाली.

"अगं बया! गुनाचं पोर बिगडवलं तुमी!" हिराबाई आमच्यावरच उखडल्या.

उज्ज्वला पिठाच्या हातांनी उठली. "ताई, द्या त्याला. मला बोलावतंय ते."

शोभाने दिलं. पोर आईच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत राहिलं. हिराबाई चुलीपुढे बसल्या आणि उरलेल्या भाकऱ्या त्यांनीच थापल्या. नलूने मला बजावलं की एका मुलावरून काही सिद्ध होत नाही. मी म्हटलं, "गप गं तू," आणि रडले.

परतीच्या गाडीत शोभा आमच्यासमोरच बसली होती, पिशवी पोटाशी धरून. मला तिच्याकडे बघवेना. हिंडायला म्हणून निघालेली मी, कुणाच्या तरी घरातून काहीतरी उचलून आणल्यासारखी अवघडून बसले होते. बेलापूर जवळ आल्यावर तीच बोलली.

"बाई, ते न रडता आलं असतं ना, तर मी घिऊनच गेले असते. आन् जल्मभर मला वाटलं असतं, माझ्यापाशी सुखात हाय."