दारावरचा खराटा

जर्मनीतल्या नेकारसुल्मला नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मी आसपासची छोटी गावे पालथी घालायला सुरुवात केली. नवऱ्याचे काम ड्युसेलडॉर्फला, तो एका आठवड्याआड घरी येई. रविवारी दुकाने बंद असत, आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. गावात उतरले की मी आधी झरा किंवा विहीर शोधे, कारण वस्ती पाण्यापासून सुरू होते. मग चर्चच्या मनोऱ्याचा पाया पाही, मग दफनभूमीत फिरून कोणती आडनावे पुन्हा पुन्हा येतात ते बघे. शेवटी टेकडीवर चढून शेतांचे आकार न्याहाळत असे. पट्टे अरुंद असतील तर जमीन पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या मुलांत वाटली गेली, रुंद असतील तर एकाच वारसाकडे राहिली. उतरताना माझा निष्कर्ष तयार असे.

धातूंचा थकवा मोजणे हे माझे रोजचे काम. एखादा भाग किती भार सोसेल आणि कुठे तडकेल, हे तो तडकण्याआधी सांगता आले पाहिजे. रविवारी मी तीच नजर गावांवर फिरवत होते, आणि आपला अंदाज बरोबर निघाल्याचा आनंद मला दोन्हीकडे सारखाच होई.

एक गाव मात्र मला एका फेरीत आवरले नाही. नदीच्या वळणावर तीव्र उतार, त्यावर दगडी बांधांच्या पायऱ्या आणि पायऱ्यांवर द्राक्षवेली. तिथे कोणतेही यंत्र चढत नाही, सगळी मशागत हातानेच. शाळा आणि दुकान कधीच बंद झालेले. उरली होती ती वर्षातून काही आठवडे उघडणारी एक खानावळ. या भागात द्राक्षे पिकवणाऱ्याला ठरावीक दिवस स्वतःच्या घरात स्वतःची वाइन आणि साधे जेवण विकायची मुभा असते. त्याला पाटी लागत नाही. फाटकाच्या खांबावर लोखंडी कडी असते, तिच्यात बर्च झाडाच्या काटक्यांचा खराटा रंगीत फिती बांधून उभा खोचतात. खराटा दिसला की घर उघडे. नसला की बंद, आणि मग कोणी दारही वाजवत नाही.

ती खानावळ चालवणारी बाई सत्तरी ओलांडलेली, विधवा. जुन्या गोठ्यात लांब बाके टाकून ती एकटी रांधत आणि वाढत असे. उतारावरच्या प्रत्येक तुकड्याला नाव होते आणि ते नाव कसे पडले हे तिला ठाऊक होते. मी विचारत जाई, ती बटाटे सोलता सोलता उत्तरे देई.

“करखात्याची माणसं येतात ना, तीही तुझ्यापेक्षा कमी विचारतात,” ती एकदा म्हणाली आणि माझा पेला भरून पुन्हा सुरीकडे वळली.

त्या वसंतात तिने मला मुलाबद्दल सांगितले. तो गेर्लिंगेनला एका कचेरीत होता. आईने उताराची बाग सोडून द्यावी असे त्याचे कितीतरी दिवसांचे म्हणणे. दोघांत शेवटी ठरले होते की हंगामाच्या अखेरच्या रविवारी तो येऊन बसेल आणि स्वतः पाहील. बाके भरलेली दिसली, तर पुढच्या वर्षी छाटणीला तो रजा काढेल. नाही दिसली, तर बाग आणि खानावळ दोन्ही बंद.

“तू ये. कुणाला तरी घेऊन ये,” ती म्हणाली.

मी सासूबाईंना घेऊन गेले. त्या तीन महिन्यांसाठी नाशिकहून आल्या होत्या. त्यांचे माहेर निफाडकडचे, द्राक्षबागेतले. म्हटले, त्यांनाही आवडेल. बसमध्ये मी त्यांना सगळे समजावून सांगितले: गाव वळणावरच का वसले, मनोरा चर्चपेक्षा जुना का असावा, घरांच्या लाकडी चौकटी एका बाजूला का कलल्या आहेत.

“अगं, उतरल्यावर परीक्षा आहे का?” त्यांनी विचारले.

“नाही हो आई.”

“मग थोडं खिडकीबाहेर बघू दे.”

आम्ही पोहोचलो तेव्हा खानावळ उघडायला अवकाश होता. खराटा आधीच लावलेला होता. बाई हात पुसत बाहेर आली आणि सासूबाईंनी तिला नमस्कार केला. मग दोघी सरळ अंगणामागच्या वेलींपाशी गेल्या, मी मध्ये दुभाषी. सासूबाईंनी एका खोडावरून हात फिरवला.

“हिला विचार, डावणी येते का इकडे? आणि भुरी?”

मी विचारले. पानांचे ते दोन्ही रोग बाईला नावानिशी माहीत होते, तिने कपाळाला हात लावून दाखवले. सासूबाई एवढ्या खुलून हसल्या की आल्यापासून मी त्यांना तसे हसताना पाहिले नव्हते.

“एवढ्या चढावर बाग लावायची म्हणजे बाईला वेड असणार. पण चांगलं वेड आहे. सांग तिला.”

मी सांगितले. बाईने त्यांचा दंड थोपटला आणि ती स्वयंपाकघरात पळाली.

मनोऱ्याची किल्ली बाईने माझ्यासाठी मागून ठेवली होती. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. “तू जा तुझ्या पायाकडे,” त्या म्हणाल्या. “मी बसते इथे अंगणात ऊन खात.”

मी गेले. पाया खरोखरच जुना निघाला. मी त्याच्या सांध्यांची छायाचित्रे घेतली, दगडांचे थर मोजले आणि समाधानाने परत आले. खानावळीत बटाट्याच्या सॅलडचे मोठे वाडगे मांडलेले होते, कोबी शिजल्याचा वास होता, आणि बाके रिकामी होती. सासूबाई कोपऱ्यात पावाचा तुकडा चघळत होत्या. बाई पुसलेलेच टेबल पुन्हा पुसत होती.

मुलगा आला, आईच्या गालाला गाल लावून समोर बसला. चाळिशीचा, नम्र माणूस. त्याने बाकांकडे पाहिले आणि मग घड्याळाकडे. ते मला सोसेना, म्हणून मी कारणे शोधू लागले. हवा गार आहे. शेजारच्या गावात आज काही असेल. एका रविवारवरून निष्कर्ष काढणे चूक आहे, असेही मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते.

“तुम्ही इंजिनियर ना?” त्याने विचारले. “आई सांगते, तुम्ही या भागातली सगळी गावं अभ्यासली आहेत. तुम्हाला काय वाटतं? या उताराला काही भवितव्य आहे?”

असा प्रश्न मला जर्मनीत आल्यापासून कोणीतरी विचारावा असे वाटत होते. विचारले जाते ते नेहमी तिखटाबद्दल आणि हवेबद्दल. मी पाठ ताठ केली. यंत्र चढत नाही, म्हणून प्रत्येक बाटलीमागे माणसाचे तास अनेक पटींनी जास्त. बांध ढासळतात, ते बांधणारे हात गावात उरलेले नाहीत. करणारी व्यक्ती एकच, आणि तिचे वय वाढत जाणार. सगळे मुद्दे खरे होते, क्रमही बरोबर होता. माझे जर्मन त्या दिवशी कुठे अडखळले नाही.

“आमच्याकडे साधा नियम आहे,” मी शेवटी म्हणाले. “थकलेला भाग तुटायची वाट पाहायची नाही. त्याआधी बदलायचा.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” मुलगा हळूच म्हणाला.

बाई तेव्हा माझ्यासमोर ताटली ठेवत होती. तिने ती ठेवली, माझ्या बाजूला काटा सरळ केला आणि आत गेली. मी भाग म्हणाले होते, माणूस नव्हे. पण त्या खोलीत थकलेले म्हणता येईल असे दुसरे कोण होते?

तेवढ्यात खिडकीतून पाच-सहा माणसे दिसली, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. फाटकापाशी ती थांबली, खांबाकडे पाहून आपसांत काही बोलली आणि पुढे निघून गेली. मुलगा उठून बाहेर गेला. परत आला तो दारातूनच ओरडला, “आई, खराटा कुठे आहे?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. “काय झालं गं?”

“फाटकावरचा खराटा नाहीये.”

“मीच काढला. त्या पिंपामागे नीट आडवा ठेवलाय. अगं, ऐन दुकानाच्या तोंडाशी खराटा उभा, तोही डोकं वर करून, वर फिती बांधलेल्या! मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. एवढी कष्टाची बाई, म्हटलं तिच्या लक्ष्मीला कशाला अडथळा. खुर्चीवर चढून काढला, नमस्कारसुद्धा केला त्याला.”

मी झऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत सारे गाव त्यांना समजावले होते. ज्या एका गोष्टीवर त्या घराचा दिवस टांगलेला होता, ती सांगायचे माझ्या मनातही आले नव्हते. माझ्या लेखी त्यात तपासण्यासारखे काही नव्हते.

हाक ऐकून बाईही बाहेर आली होती. मी दोघांना शब्दन्‌शब्द भाषांतर करून सांगितले. बाई हसू लागली आणि अखेर तिला डोळे पुसावे लागले. “खुर्चीवर चढून? या गुडघ्यांनी?” ती म्हणाली. तिने सासूबाईंना वाइन देऊ केली, त्यांनी मान हलवली, मग द्राक्षाचा रस आणला. मुलानेही हसत खराटा जागेवर खोचला. दुपारनंतर माणसे येऊ लागली. एक बाक भरले, मग दुसरे. उरलेली मात्र तशीच राहिली.

निघताना मी मुलाला बाजूला गाठले. “सकाळचं धरू नका,” मी म्हणाले. “मोजमापच चुकलं होतं. खराटा नव्हता म्हणून लोक आले नाहीत.”

“ते कळलं मला,” तो म्हणाला. “पण उताराबद्दल तुम्ही जे बोललात, त्याचा खराट्याशी काय संबंध?”

काहीच नव्हता.

बसमध्ये सासूबाईंनी एकदाही बाहेर पाहिले नाही. “माझ्यामुळे झालं,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “भलं करायला गेले आणि बाईचं नुकसान करून बसले.”

“नाही हो आई. नंतर आले की लोक.”

एवढेच म्हणाले. त्यांना जर्मन येत नाही. मी टेबलापाशी काय बोलले ते त्या खोलीत फक्त तिघांना कळले होते, आणि चौथीला सांगणे मी टाळले. त्या नाशिकला परतल्यानंतर दर व्हिडिओ कॉलला त्यांचा पहिला प्रश्न तोच असे: “बाईचं चालू राहणार ना?” मी म्हणे, अजून ठरलेले नाही. तेही खोटे नव्हते. त्यांनी स्वतःची चूक ठामपणे धरून ठेवली होती आणि तिच्या आडोशाला माझी सुखाने बसली होती. त्या गावात मी उन्हाळाभर गेले नाही. इतर गावे पाहिली, त्यांचे पायेही पाहिले.

द्राक्षतोड झाल्यावर बाईचाच फोन आला. खानावळ पुन्हा उघडणार नव्हती, उताराची बागही काढायची ठरली होती. “तू म्हणालीस ते बरोबरच होतं,” ती म्हणाली. आवाजात टोमणा असता तर मला बरे वाटले असते. टोमणा नव्हता.

त्या रविवारी मी सासूबाईंना सगळे सांगितले.

“म्हणजे इतके महिने मी त्या खराट्याला घेऊन बसले,” त्या म्हणाल्या, “आणि तू मला बसू दिलंस?”

“हो.”

“आणि तिच्यासमोर बोललीस? तिच्याच ताटात जेवता जेवता?”

“त्याने विचारलं होतं, आई.”

“विचारेल की तो! त्याला कुणीतरी शिकलेलं माणूस हवंच होतं ते म्हणायला.” मग त्यांनी विचारले, “बाग कोण काढणार आहे?”

“माहीत नाही. मुलगा असेल, माणसं लावतील.”

“वेली काढायच्या आधी तारा काढाव्या लागतात, खांब उपटावे लागतात. फार काम असतं ते. तू जा. तिथे बसून भाषण केलंस ना, आता जाऊन तारा गुंडाळ. आणि गावाबद्दल तिला एकही प्रश्न विचारू नकोस.”

मी फेब्रुवारीत गेले. मुलगा खालच्या पायऱ्यांवर खांब सैल करत होता. त्याने मला हातमोजे दिले, कशाला आलात असे विचारले नाही. बाई सर्वात वरच्या बांधावर होती, आम्ही दोघींनी तिथून सुरुवात केली. खांबाला तार अडकवणारे खिळे पकडीने उपटायचे, मोकळी झालेली तार ताणून घ्यायची, वेटोळे करायचे. पहिल्या रांगेनंतर मला युक्ती साधली. पकड कोणत्या कोनात धरली की खिळा एका झटक्यात येतो, ते लक्षात आले, आणि मी भराभर पुढे सरकू लागले. एक रांग, दुसरी रांग. मागे वळून पाहिले तेव्हा बाई निम्म्या वाटेवरही नव्हती. वेली आधाराशिवाय एकमेकींवर कलंडल्या होत्या.

माझा हात थांबला. मोडण्याच्या कामातही मी पहिला क्रमांक काढत होते.

ती सावकाश माझ्यापर्यंत आली. तिने माझ्या हातातली पकड काढून घेतली, मोजे काढून बोटांवर फुंकर मारली आणि बांधावर बसली. खाली नदीवर धुके होते. मी तिच्याकडे वळून बोलायला सुरुवात केली, “त्या दिवशी मी जे म्हणाले…”

“ते खरं होतं,” ती म्हणाली. “मला फक्त ते मुलाकडून ऐकायचं होतं. तो बोलला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. तुझ्याशी कशी भांडणार? तू तर पाहुणी होतीस.”

माफी मागण्यासाठी बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्ये माझ्या तोंडात तशीच राहिली. तिने बाजूची जागा हाताने झाडली आणि मला बसायची खूण केली.

“आणि इतक्या घाईनं काढू नकोस,” ती म्हणाली. “आज संपवायचं नाहीये मला.”