ढवळत राहा

निमिष देवगावकरला चहा करता येत नाही. हा आळ नव्हे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा त्याची बायको आश्लेषा तापाने पडली होती, तर त्याने मला खालच्या मजल्यावरून बोलावून घेतलं. दूध वर आल्यावर गॅस बंद करायचा की आधीच, हे त्याला ठरवता येत नव्हतं. आणि हाच माणूस गेली चार वर्षं, सोमवार ते शुक्रवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वयंपाक करतो आणि त्याचाच पगार घेतो.

सांगते. इथे अमेरिकेत, आमच्या शॉमबर्गमध्ये मोठमोठ्या ऑफिसांच्या मागच्या बाजूला एक छोटी गेम कंपनी आहे. लोक फोनवर बोटाने खेळतात ना, ते स्वयंपाकाचे गेम ती बनवायची. केक सजवा, गिऱ्हाईक चिडायच्या आत नूडल्स पोचवा, असले. मग कंपनीच्या मनात आलं की हे गेम टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आणावेत. तिथे बोटाचं काम नाही. हातात एक रिमोट धरायचा आणि हात खरोखर हलवायचा. चिरायचं असेल तर वरखाली, कणीक मळायची तर पुढे रेटायचं, ढवळायचं तर गोल गोल. पडद्यावरच्या पातेल्याला तुमचा हात कळतो. तो नीट कळतो की नाही हे तपासायचं काम निमिषचं.

म्हणजे काय, तर एकच सूप हळू ढवळून बघायचं, मग जोरात, मग बसून, मग उलट्या दिशेने, मग मध्येच थांबून. कोणी प्रोग्राममध्ये एवढंसं काही बदललं की पुन्हा पहिल्यापासून. पडद्याच्या कोपऱ्यात एक गुबगुबीत शेफ उभा असतो. हात थांबला की तो ओरडतो, 'कीप स्टरिंग!' ढवळत राहा.

मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. बायकोला कधी वरणाला पळी लावून दिली नाहीस आणि गोऱ्यांची सुपं ढवळतोस, असं त्याला सुनावलंही. माझं तोंड फटकळ आहे, इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. तो फक्त हसला आणि म्हणाला, "होते न, काकू." हे त्याचं अमरावतीचं पालुपद. बर्फात गाडी अडकली, होते न. मुलगी शाळेत पडली, होते न. असा माणूस आयुष्यात पुढे जातो की तिथेच राहतो, मला कधी कळलं नाही.

मुळात तो आला होता इथे एमएस करायला, आणि डोक्यात होता स्वतःचा गेम. विटीदांडूचा. रिमोट म्हणजे दांडू, विटी पडद्यावर उडणार. शिकत असताना त्याने तो अर्धामुर्धा बनवलाही होता. कंपनीने पुढे एकदा त्याला गेम बनवणाऱ्यांच्या टीममध्ये येतोस का विचारलं. तो तयारच होता. पण तेव्हा कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डाचं काम सुरू केलं होतं, आणि वकिलाने सांगितलं की ज्या कामाच्या नावाने अर्ज भरलाय तेच काम करत राहायचं. बढती नको, बदली नको. कंपनी सोडली तर सगळं पहिल्यापासून. तेव्हापासून निमिष ढवळतोय.

आणि त्या अर्जाला नुसता निमिष नाही, आश्लेषाही बांधलेली आहे. ती अकोल्याची, शिकलेली फिजिओथेरपिस्ट. नागपूरला मोठ्या हॉस्पिटलमध्ये होती. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको एक डॉलर कमवू शकत नाही. नवऱ्याच्या अर्जाची मधली पायरी मंजूर झाली की तिला कामाचा परवाना मागता येतो, तोवर घरी बसायचं. पोरगी नुसती बसली नाही. इथली परीक्षा दिली, पास झाली. एका रिहॅब सेंटरने परवाना आला की ये म्हणून सांगितलंसुद्धा. त्या सेंटरवरून जाताना ती दर वेळी गाडीच्या खिडकीतून आत बघते. मी इंडियन स्टोअरला नेते तेव्हा मुद्दाम त्या रस्त्याने जात नाही. ती म्हणते, काकू, त्याच रस्त्याने चला.

गेल्या उन्हाळ्यात निमिषचं कोपर दुखायला लागलं. मी एकदा लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन वर गेले, तर हा सोफ्यावर हात पुढे करून बसलेला आणि ती जमिनीवर. दाताने टेप तोडून त्याच्या हाताला लावत होती. आधी बर्फ, मग दाबून मसाज, मग टेप. हात इतके सफाईदार चालत होते की मी बरणी हातात धरून बघतच राहिले. मी म्हटलं, नशीबवान आहेस रे, डॉक्टर घरातच. तो हसला. ती हसली नाही. तिने टेपचं टोक घट्ट दाबलं आणि बर्फाची पिशवी ठेवायला आत निघून गेली. मला वाटलं, दमली असेल.

मग आली कोजागिरी. आमच्या मंडळाची कोजागिरी शनिवारी दुपारी तीन वाजता असते, कारण शाळेचा हॉल सहाला रिकामा करावा लागतो. बाहेर लख्ख ऊन आणि आत आम्ही चंद्राच्या नावाने दूध आटवतोय, हे मला दर वर्षी हास्यास्पद वाटतं आणि दर वर्षी मी जाते. या खेपेला अध्यक्ष प्रल्हाद यांनी माइकवरून जाहीर केलं की यंदा दूध ढवळायला आपल्याकडे प्रोफेशनल माणूस आहे. टाळ्या पडल्या. निमिषला पुढे ढकललं गेलं.

त्याने उलथनं हातात घेतलं आणि खांद्यापासून हात फिरवायला सुरुवात केली. केवढे मोठे गोल! रिमोटला लहान हालचाल कळत नाही म्हणे, त्यामुळे त्याला तीच सवय. दूध पातेल्याच्या काठाला येऊन आपटत होतं. लोकांनी फोन काढले, व्हिडिओ घेतले. तोही रंगात आला, त्या शेफची नक्कल करून 'कीप स्टरिंग' म्हणायला लागला. मीही हसत होते.

आणि एकाएकी त्याची बोटं उघडली. त्याने उघडली नाहीत, आपोआप उघडली. उलथनं दुधात गेलं. ते धरायला म्हणून तो वाकला, कोपर पातेल्याला लागलं आणि निम्मं दूध जमिनीवर. दूध अजून कोमटच होतं, म्हणून कोणी भाजलं नाही. त्याची मुलगी सई, सहा वर्षांची, पुढेच बसली होती. ती गेममधल्यासारखं म्हणाली, "डॅडी, यू लॉस्ट अ लाइफ." सगळा हॉल हसला. हात दाखवून अवलक्षण, असं कोणीतरी मागून म्हणालंही. निमिष हसण्याचा प्रयत्न करत होता आणि उजव्या पंज्याकडे बघत होता. आश्लेषाने मूठ मिटायला सांगितली तर ती मिटत नव्हती.

हॉलच्या मागच्या किचनमध्ये आश्लेषा मॉप पिळत होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, हे किती दिवसांचं आहे ग?

"मला उन्हाळ्यातच कळलं होतं, काकू," ती म्हणाली. "नागपूरला असा पेशंट आला असता तर एकच सांगितलं असतं, हे काम बंद करा. बाकी कशाने बरं होत नाही. आणि मी घरी रोज त्याला टेप लावते. कशाला? तर तो उद्या परत जाऊन ढवळू शकेल म्हणून."

मी म्हटलं, अग मग सांग ना त्याला.

"सांगितलं तर तो सोडेल. लगेच सोडेल, मला माहितीये. मग आमचं सगळं परत पहिल्यापासून." ती पिळलेला मॉप पुन्हा पिळायला लागली. "मला माझं काम पाहिजे, काकू. आठ वर्षं झाली, मी एकाच माणसाचा हात धरलाय आणि तोही बिघडवलाय."

मी तिच्या हातातून मॉप काढून घेतला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं पोरीचं.

निमिषला गाडी चालवणं शक्यच नव्हतं आणि आश्लेषाने किल्ली माझ्याकडे दिली, म्हणून त्यांची गाडी मी घेतली. तो माझ्या शेजारी, त्या दोघी मागे. सई कानाला हेडफोन लावून काहीतरी बघत होती. गाडीभर वेलदोड्याचा वास, कारण त्याची पँट दुधाने भिजलेली. मी एका सिग्नलला थांबले. मग मागून आश्लेषा म्हणाली, "निमिष, तू हे काम सोड."

तो समोर बघत राहिला. म्हणाला, "डॉक्टरनं मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं."

"कोणत्या डॉक्टरनं?"

"लंच टाइममध्ये गेलो होतो एकदा. तो म्हणाला, बंद कर, नाही तर पकड जाईल. तुला सांगितलं असतं तर तू सोडायलाच लावलं असतं न. मग तुझा परवाना?"

मला आरशात तिचा चेहरा दिसला असता, पण मी आरशात बघितलं नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "मला माहीत होतं. त्याच्या आधीपासून."

दिवा हिरवा झाला तरी माझा पाय ब्रेकवरच होता. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा मी भानावर आले.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, किती प्रेम आहे दोघांचं. मला मात्र मनापासून संताप आला. एकमेकांची काळजी करत करत दोघांनी मिळून एक चांगला धडधाकट हात घालवला, आणि ओरडायचं तर ओरडू कोणावर? वकील कायद्याचं बोलला. कंपनीला कोणी सांगितलंच नाही. सांगणार तरी कसं, ज्या कामासाठी अर्ज केलाय तेच काम या माणसाला जमत नाही असं कागदावर गेलं तर मग उरलं काय? मी घरी येऊन आमच्या यांच्यावर ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं.

मला वाटलं होतं, आता तरी तो सोडेल. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी मी चकल्या द्यायला वर गेले. दार उघडंच होतं. निमिष टीव्हीवर कंपनीचाच गेम लावून उभा होता, उजवा हात पट्ट्यात गळ्याशी बांधलेला, रिमोट डाव्या हातात. आश्लेषा त्याच्या मागे उभी, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा कोपराखाली. "खांदा सैल सोड," ती सांगत होती. "दंडातून जोर नको. श्वास धरून ठेवू नकोस. पुन्हा." हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हॉस्पिटलमधला आवाज असणार. सई सोफ्यावर बसून पडद्यावरचे स्टार मोजत होती.

निमिषने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं की कंपनी खूश आहे. डावखुऱ्या लोकांच्या हाताने हा गेम कोणी नीट तपासलाच नव्हता, ते काम आता आपसूक होतंय. उजव्या हाताचं तिथे कोणाला काही कळलेलं नाही, पट्टा तो घरीच बांधतो. मॅनेजरला वाटतं, याने स्वतःहून पुढाकार घेतला.

आश्लेषा मला सोडायला दारापर्यंत आली. चेहऱ्यावर तकाकी होती, ते मान्य करायला हवं. पुष्कळ दिवसांनी तिला पेशंट मिळाला होता. मी आवाज खाली आणून विचारलं, आणि हा हात किती टिकेल?

ती माझ्या डोळ्यांत बघून, त्याच हॉस्पिटलच्या आवाजात म्हणाली, "असंच काम राहिलं तर वर्षभर. मी नीट सांभाळलं तर थोडं जास्त."

"आणि तुमचा अर्ज?"

"वकील म्हणतात, वर्षभर. कदाचित थोडं जास्त."

आतून शेफ ओरडला. तिने मान वळवून बघितलं आणि घाईने आत गेली, कारण निमिषचा हात थांबला होता. मी चकल्यांचा डबा हातात तसाच घेऊन उभी होते. तो माझ्याकडे पाठ करूनच पुन्हा हात फिरवायला लागला, आणि मी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाला, "होते न, काकू."