खिंडीतली वीस पावलं

बावीस वर्षं ड्रायव्हरकाका कॉलेजच्या सहली त्या उंच खिंडीत नेत होते. पण वर पोचल्यावर गाडीतून उतरले असतील तर शपथ! तिथल्या थंडीत इंजिन एकदा बंद पडलं, की पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नाही. म्हणून पोरं वीस पावलांवरच्या कड्यावरून खालचा तलाव बघायची आणि काका अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायचे.

या वेळी एक मुलगी उतरलीच नाही.

"काका, उठा. माझे बाबा ट्रक चालवतात. पाय मी ठेवते."

"आणि बंद पडली तर?"

"तर मी ढकलते! जा हो तुम्ही!"

काकांनी तिचा पाय नीट बसलाय ना ते दोनदा बघितलं आणि धूम ठोकली. विरळ हवेत छाती भात्यासारखी हलत होती, पोरं शिट्ट्या मारत होती. कड्यावर पोचताच त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, तलाव खरंच निळाशार आहे गं!"

पलीकडून बायकोनं विचारलं,

"अहो, मग बावीस वर्षं मला कुठल्या तलावाचं वर्णन ऐकवत होतात?"