बोरस्त्यांच्या झोपेवरची ताडपत्री

दिगंबर बोरस्ते तुमच्यासमोर जांभई देऊ लागले, तर आपलं बोलणं त्यांना कंटाळवाणं वाटतंय असा गैरसमज करून घेऊ नये. ती जांभई तुमच्यासाठी नसते. बहुधा मागच्या वर्षीची असते. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर शिफ्टा करून त्यांच्याकडे जांभयांचा एवढा साठा झालाय, की जुन्या संपल्याशिवाय ताज्यांचा नंबर लागत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये सप्तपदी चालतानाही त्यांचे डोळे मिटलेले आहेत. त्यात फोटोग्राफरची काही चूक नाही. आदल्या रात्री त्यांना थर्ड शिफ्ट होती.

रात्री काम करणाऱ्या माणसानं दिवसा झोपावं, हे म्हणायला सोपं. सिडकोतल्या घरात ते करून दाखवा. बोरस्ते सकाळी येऊन आडवे झाले की वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू होतो. तो थांबला की घंटागाडी गाणं म्हणत येते. ती गेली की भंगारवाला भोंग्यातून जुने कूलर मागत फिरतो. उज्वलाताई आपल्याकडून करायचं ते सगळं करतात. बेलचा सेल काढून ठेवतात, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवतात, कुकर लावायला शेजारी जातात. लग्न झाल्यापासून ही बाई कुजबुजत संसार करते आहे. मुलगी निकिता लहान असताना शाळेतही कुजबुजत बोलायची. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली होती, मुलीच्या घशाला काही झालंय का म्हणून.

यंदाच्या मे महिन्यात एक आक्रीत घडलं. कंपनीतून रिटायर झालेल्या पुंजानं त्र्यंबक रोडवर बेळगाव ढग्याच्या आपल्या मळ्यात आमरसाला बोलावलं होतं. निकिता आता नोकरी करते आणि सुट्टीला डोंगर चढते. तिनं पिशवीतून हॅमॉक, म्हणजे कापडी टांगती झोळी, काढला आणि पुंजाच्या आंब्याच्या दोन झाडांमध्ये टांगला. "पप्पा, बसून तर बघा." पप्पा बसले. बसलेले कलले, कललेले आडवे झाले आणि दिवे लागेपर्यंत उठलेच नाहीत. मध्येच घाबरून उज्वलाताईंनी नाकाशी बोट धरून पाहिलं. माणूस गाढ झोपला होता. घोरण्याच्या मधल्या जागेत चक्क हसत होता.

त्या दिवसापासून थर्ड शिफ्ट सुटली की बोरस्त्यांची स्कूटर घराकडे न वळता त्र्यंबक रोडला लागायची. पुंजाच्या आंब्याखाली दुपारपर्यंत झोपायचं आणि मग घरी जेवायला. "एवढा मोठा बापईगडी लेकराच्या झोळीत झोपतो," असं उज्वलाताई म्हणायच्या, पण मोठ्यानं म्हणायच्या. घरात भर सकाळी मोठ्यानं बोलायची सोय झाली होती.

मग जून आला, आणि त्र्यंबककडचा पाऊस काय चीज आहे ते नाशिककराला सांगायला नको.

निकितानं ताबडतोब ऑनलाइन ताडपत्री मागवली. ती म्हणाली, टार्प. मुठीत मावेल एवढी, पतंगाच्या आकाराची, तिच्या ग्रुपमधले सगळे हीच वापरतात. बोरस्ते तिच्याखाली झोपले आणि अर्ध्या तासात डोकं आणि पाय तेवढे भिजून उठले. मधला माणूस वरून तेवढा कोरडा. त्यात झाडावरून आलेलं पाणी हॅमॉकच्या पट्ट्यावरून ओघळत थेट पाठीखाली जमलं. निकिता म्हणाली, "तिरकं झोपायचं असतं पप्पा, आणि पाय जरा जवळ घ्यायचे." बोरस्ते बनियन पिळत राहिले. पाय जवळ घेऊन झोपायचं तर घरचा दिवाण काय वाईट होता?

ही बातमी विंचूरला पोचली. उज्वलाताईंचा भाऊ खंडेराव कांदावाला शेतकरी. बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, काही कमी पडलं की याच्या घशाखाली घास उतरत नाही. तो पिकअप घेऊन थेट पुंजाच्या मळ्यात हजर.

"दाजी, ह्या रुमालाखाली झोपता व्हय? लोक मला काय म्हणतील?"

"अहो खंडेराव, इथं लोक कुठे आहेत?"

"नसू द्या. कळतंच." त्यानं पिकअपमधून घडी ओढली. ती उतरवायला दोन माणसं लागली. "घरातली सगळ्यात भारी आणली. लासलगावला मार्केटबाहेर ट्रॉली पावसात उभी व्हती, नंबर काय लागंना. पण ह्या ताडपत्रीखाली एक कांदा भिजला नाय."

आणि खंडेरावानं दाजींवर ती तशीच बांधली, जशी ट्रॉलीवर बांधतात. वरून टाकली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली, काठाला दोर ओवून आवळला, काठावर दगड ठेवले. "आता माशी आत यायची नाय."

माशी आली नाही. वाराही आला नाही. आत अंधार, कांद्याचा वास, आणि थोड्याच वेळात बोरस्त्यांच्या श्वासाची वाफ ताडपत्रीला आतून लागून थेंब थेंब त्यांच्याच कपाळावर परत यायला लागली. ते बाहेर आले तेव्हा उकडीच्या मोदकासारखे दिसत होते. खंडेरावानं ताडपत्री वीत वीत तपासली.

"भोक तर कुठंच नाय! मग हे पाणी कुठलं?"

"माझंच आहे."

याच खंडेरावानं घरी कांदा साठवायची चाळ बांधताना दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवलीय, खालूनसुद्धा वारा खेळता ठेवलाय. कांदा कोंडला की सडतो हे तो झोपेतही सांगेल. पण कांदा वेगळा आणि जावई वेगळा. जावयाचा मान राखायचा तर चारी बाजूंनी राखायचा, फट ठेवून कोण राखतं? आणि बोरस्त्यांचा स्वभाव असा, की ते ओल्या बनियनात उभं राहून म्हणाले, "छान आहे हो. एकदम मजबूत." झालं. खंडेरावानं जाताना आणखी चार दगड ठेवले.

घरी निकिताचं तोंड फुगलेलं. तिची ताडपत्री पिशवीत आणि मामाची झाडावर!

"मग सरळ नको म्हणून सांगा ना," उज्वलाताई म्हणाल्या.

"कुणाला?"

"दोघांना."

"त्याला अंगात ताकद लागते गं. मी नाईट करून आलोय."

तो आठवडा बोरस्ते आळीपाळीनं भिजले. एक दिवस लेकीसाठी वरून, एक दिवस मेव्हण्यासाठी आतून. झोप मात्र दोन्हीकडे नाही. गुरुवारी पहाटे प्रेस मशीनवर त्यांचे डोळे मिटले. शेजारच्यानं खांदा धरून मागे ओढलं म्हणून हाताची बोटं हाताला राहिली. तो शिव्या देत होता, आणि बोरस्ते आपल्या बोटांकडे ती दुसऱ्या कुणाची असावीत तसं पाहत होते. घरी त्यांनी हे सांगितलं नाही. शिफ्ट सुटल्यावर झोपायलाही गेले नाहीत. ताडपत्रीचं दुकान उघडेपर्यंत बाजारातल्या रविवार कारंजा चौकात चहा पीत बसले.

"कशाला पाहिजे?" दुकानदारानं विचारलं. "ट्रकला, टेम्पोला, का कांद्याला?"

"मला."

"तुम्हालाच हो, पण घालायची कशावर?"

"माझ्यावर."

दुकानदारानं त्यांना नीट न्याहाळलं आणि जरा मागे सरकून एक हलकी निळी ताडपत्री फरशीवर पसरली. बोरस्त्यांनी चपला काढल्या आणि सरळ तिच्यावर आडवे झाले. आधी उभं मापून पाहिलं, मग तिरकं. डोक्यापलीकडे हात ताणून बघितला, पायापलीकडे अंदाज घेतला. हॅमॉकची लांबी, आणि दोन्ही टोकांना हातभर जास्त. रुंदीला एवढी, की खाली उतरावी पण जमिनीला टेकू नये. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दोन्हीकडून भिजून कळलं होतं. मापून झालं तरी ते उठले नाहीत. दोन गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून सुतळी घेऊन गेली.

"काका, झालं का माप?"

"पाचच मिनिटं," डोळे न उघडता बोरस्ते म्हणाले. "रुंदीचं राहिलंय."

शुक्रवारी त्यांनी ती स्वतः बांधली. आंब्याच्या बुंध्यांना आडवा दोर, त्यावर ताडपत्री. त्र्यंबककडून झड येते ती बाजू खाली ओढून घेतली, दुसरी वर उचलून वारा मोकळा ठेवला. हॅमॉकच्या दोन्ही पट्ट्यांना सुतळीचा तुकडा लोंबता बांधला, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच खाली टपकेल. कुणाचं मन दुखवायला नको म्हणून खंडेरावाची ताडपत्री खाली चिखलावर अंथरली आणि निकिताची स्कूटरवर घातली. मग आडवे झाले. त्या दिवशी घरी जेवायला उशिरा आले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारी निफाडला खंडेरावाच्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. शनिवारची नाईट करून बोरस्ते मळ्यात गेले होते. त्यांना तिथूनच उचलायचं ठरलं होतं. खंडेराव फेटा बांधून, उज्वलाताई पैठणी नेसून पिकअपमधून उतरले आणि पावसातून धावत ताडपत्रीखाली शिरले.

"माझी खाली हातरली!" खंडेराव म्हणाला.

"हळू बोल."

"घरातली सगळ्यात भारी..."

"खंडू, हळू."

खंडेरावानं मग वर पाहिलं, मोकळ्या बाजूकडे पाहिलं. वारा येत होता, पाणी येत नव्हतं. हॅमॉकमध्ये दाजी तिरके पसरले होते. एक हात बाहेर लोंबत होता, बोटं सैल सुटलेली.

"काल यांचा तो कामावरचा माणूस भेटला," उज्वलाताई कुजबुजल्या. "त्यानं गुरुवारचं सांगितलं. मशीनचं."

त्यांनी सगळं सांगितलं. खंडेराव बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिला. मग त्यानं फेट्याचं टोक उगाच नीट केलं.

"तरी उठवावं लागंल ताई. दाजी नाय आले तर भावकी नाव ठेवील. मानाचा टॉवेल-टोपी हाये त्यांचा."

"तू घे."

"मी काय सांगू तिथं?"

"सांग, कामावर आहेत."

"रविवारी?"

"ओव्हरटाइम."

खंडेरावानं दोन पावलं टाकली आणि वळून पाहिलं. बहीण जागची हलली नव्हती. तिनं पैठणीचा घोळ वर खोचला, पुंजाचं एक रिकामं क्रेट ओढलं आणि आंब्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसली. ताडपत्रीखाली जागा भरपूर होती.

"तू पण नाय येत?"

"मीसुद्धा इतकी वर्षं यांच्या शिफ्टाच करतेय ना रे," ती म्हणाली. "बसू दे थोडं."

तिचे डोळे मिटायला लागले होते. पाऊस ताडपत्रीवर एकसुरी वाजत होता. तसा पाऊस वाजत असला की मिक्सर काय आणि भोंगा काय, ऐकू येत नाही.

खंडेराव पिकअपपर्यंत चवड्यांवर चालत गेला. गाडीचं दार त्यानं आवाज न करता लावलं. हॉर्न तर थेट हायवेला लागल्यावरच वाजवला. निफाडला साऱ्या भावकीनं विचारलं, दाजी कुठे, ताई कुठे? खंडेराव दोघांचा मान एकटाच खांद्यावर घेऊन जेवायला बसला आणि सगळ्यांना एकच सांगत राहिला, "दोघं बी ड्युटीवर हायेत. आज सुटी नाय मिळाली."